फ्लेक्सवरचा हिरवा

राजरत्न उबाळेचा धंद्यातला एक नियम होता. गिऱ्हाईक म्हणेल त्याचा चेहरा गोरा करायचा, म्हणेल त्याच्या गळ्यात जाडजूड चेन घालायची, पण मजकुरात नाक खुपसायचं नाही. कल्याणात वालीपीर रोडला त्याचं फ्लेक्सचं दुकान. जयंती, ईद, गणपती, बारसं, तेरावं आणि भावी नगरसेवकांचे वाढदिवस, सगळे बॅनर त्याच्याच मशीनमधून निघायचे. एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे दोन पुढारी त्याच्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसून आपापल्या फ्लेक्सची वाट बघत आणि राजरत्न दोघांनाही चहा पाजत असे. पन्नाशी उलटली तरी त्याचं गावात कुणाशी वाकडं नव्हतं.

हा नियम त्याला आजोबांकडून मिळालेला. आजोबा दगडू उबाळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दूध नाक्याजवळच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सकाळी मुस्लिम लीगच्या साप्ताहिकाचे, दुपारी दलित फेडरेशनच्या सभेच्या पत्रकांचे आणि लग्नसराईत मुंजीच्या आमंत्रणपत्रिकांचे. त्यातल्या बऱ्याच घरांच्या ओसरीवरही त्यांना कुणी बसू देत नसे. तरी दगडूबाबा म्हणत, "खिळा कुणाचाच नसतो." हे वाक्य राजरत्न गिऱ्हाइकांना ऐकवायचा, आणि ऐकवताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

तर हा नियम त्याने मोडला कसा आणि मोडून वर मूग गिळून बसला कसा, याची ही गोष्ट. माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेल्या माणसांनीही जगात काही कमी नुकसान करून ठेवलेलं नाही.

त्या साप्ताहिकाच्या संपादकांची मुलगी अजून हयात होती. हलीमाबी. नव्वदी ओलांडलेली, कानाने शाबूत, डोळ्यांनी अधू, जिभेने तिखट. दूध नाक्यामागच्या गल्लीत नातवाकडे राहायची. नातू इम्तियाज डोंबिवलीला मानपाड्याजवळच्या एका औषधांच्या कंपनीत सुपरवायझर होता. दगडूचा नातू म्हणून राजरत्नची त्या घरात लहानपणापासून ऊठबस. ईदला तिथून शीरखुर्म्याचा डबा कोळसेवाडीत उबाळ्यांच्या घरी यायचा आणि चौदा एप्रिलला इथून लाडवांचा डबा तिथे जायचा. तो तिला खाला म्हणायचा, ती त्याला राज्या. त्याला राज्या म्हणणारं दुसरं माणूस आता उरलेलं नव्हतं.

जानेवारीत मोहल्ल्यातल्या वाचनालयाने ठरवलं की सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर हलीमाबीचा सत्कार करायचा. पोरं तिचा आधार कार्डासाठी काढलेला फोटो घेऊन राजरत्नकडे आली.

"नुसता चेहरा काय लावताय रे?" राजरत्न म्हणाला. "त्या घराला इतिहास आहे. इतिहास लावा."

कुणी विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरं बिचारी म्हणाली, "काका, तुम्हीच बघा मग," आणि राजरत्न त्याच दुपारी दुकान बंद करून हलीमाबीकडे गेला.

तिने पेटीतून फोटो काढला. एका अंगणात दोन रांगांत बायका उभ्या, प्रत्येकीच्या कमरेला गाडगं. मागे काठीला झेंडा, त्यावर चंद्र आणि तारा. मधल्या बाईवर बोट ठेवून हलीमाबी म्हणाली, "ही अम्मा."

"आणि ही गाडगी कसली, खाला?"

"पेपरची," ती म्हणाली, आणि सांगत सुटली.

लढाई चालू होती. कल्याणच्या कॅम्पात गोरे सोल्जर येऊन राहिलेले. काँग्रेसवाले सगळे तुरुंगात, त्यामुळे लीगला मैदान मोकळं. हलीमाबीच्या वडिलांचा पेपर तेव्हा जोरात होता. निघायचा मात्र मराठीत, कारण लीगचे पुढारी उर्दू उर्दू करत असले तरी कल्याण-भिवंडीच्या कोकणी मुसलमानाला उर्दू कुठे वाचता येत होती? कागदावर सरकारचं नियंत्रण. मापात मिळेल तेवढाच घ्यायचा, बाकीचा काळ्या बाजारात. पैसा यायचा जाहिरातींतून, आणि जाहिराती द्यायचे कॅम्पाला मटण आणि जळाऊ लाकूड पुरवणारे ठेकेदार. लढाईत त्यांची चांदी झालेली. लीगच्या सभेत पहिल्या रांगेतल्या खुर्च्याही त्यांच्याच.

"मग अब्बांना एकदा काय झालं कोण जाणे," हलीमाबी म्हणाली. "छापलं. गावाचं धान्य कॅम्पात कसं जातं ते. नावं घालून छापलं! आपल्याच लोकांची नावं. तुझा आजा म्हणाला होता, साहेब, नावं काढा. अब्बा म्हणाले, दगडू, तू जुळव. दुसऱ्या आठवड्याला जाहिराती बंद. लीगवाले पण म्हणाले, हा मानूस आपला का त्यांचा?"

मग पेपर बायकांनी उचलला. आपल्याकडे शाळा-बोर्डिंगांसाठी मुष्टिफंड काढत, तसाच हा. रोज भात शिजवायला घेताना एक मूठ तांदूळ वेगळ्या गाडग्यात टाकायचा. जुम्म्याला गाडगी एका अंगणात जमायची, तांदूळ विकायचा आणि आलेल्या पैशांतून कागद घ्यायचा. कल्पना हलीमाबीच्या आईची.

"तांदूळ रेशनचा, हां! आधीच पोटाला पुरत नसे. अम्मा पेपरची मूठ पहिली काढायची, मग आमचा भात. मी भुकेली निजायची आणि अम्मा म्हणायची, रडू नको, तुझ्या घासाची पाच अक्षरं झाली."

"राग नाही यायचा?"

"येणार नाही? अजून येतो."

"आणि पाकिस्तान?" राजरत्नने विचारलं. विचारल्यावर त्यालाच जरा अवघडल्यासारखं झालं.

हलीमाबीला काही अवघड वाटलं नाही. "झालं की. ठेकेदार गेले कराचीला. अब्बा म्हणाले, पेपर कल्याणचा, मी कुठं जाऊ? मग कल्याणातच कुणी घेईना. बंद झाला. बायांनी गाडगी घरी नेली."

राजरत्न भारावून गेला. याच पेपरचे खिळे आपल्या आज्याने जुळवले, या विचाराने त्याला अंगभर कौतुक दाटलं. हलीमाबीचं थोडं आणि स्वतःचं जास्त. फोटो त्याने दुकानात नेऊन स्कॅन केला आणि लगेच परत आणून दिला. इतपत काळजी त्याने घेतली.

मग तो रंगवायला बसला. जुना फोटो आपोआप रंगवून देणारा प्रोग्राम हल्ली कुणाकडेही असतो. बायकांचे चेहरे, साड्या, गाडगी, अंगण, सगळं एका बटणात रंगलं. झेंडा मात्र कॉम्प्युटरने तपकिरी केला. पोत्याचा असावा तसा. राजरत्नला ते बघवेना. त्याने हलीमाबीला फोन केला. "खाला, झेंडा कुठल्या रंगाचा होता?"

"हिरवा. दुसरा कुठला असणार?"

आणि त्याने हिरवा भरला. नुसता भरला नाही, जीव ओतून भरला. गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली. झेंड्याच्या घडीत गडद, फुगवट्यावर फिका, चंद्राच्या कडेला ऊन लागल्यासारखा पिवळसर. काठीशी उभ्या असलेल्या एका बाईची पांढरी ओढणी झेंड्याच्या कडेवर आली होती, ती त्याने आणखी स्वच्छ केली. सगळं झाल्यावर खुर्ची मागे ढकलून त्याने बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, "बाबा, बघा." खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर टाकायची त्याची रीत. इथे टाकला नाही. घरचं काम, त्यात जाहिरात कशाला?

फ्लेक्स पंचवीसच्या संध्याकाळी लागला. सव्वीसच्या सकाळी झेंडावंदन झालं, हलीमाबीला शाल मिळाली, पोरांनी जिलेबी वाटली. दुपारपर्यंत तो फ्लेक्स अर्ध्या ठाणे जिल्ह्याच्या मोबाईलवर पोचला. म्हणजे फ्लेक्स नव्हे, त्यातला झेंडा. कुणीतरी तेवढाच कापून घेतलेला, भोवती लाल गोल काढलेला. हिरव्या कापडावर चंद्रतारा आणि काठीच्या बाजूला पांढरी पट्टी, थेट पाकिस्तानच्या झेंड्यासारखी. ती पट्टी म्हणजे ओढणी आहे हे सांगायला शेजारी बाई ठेवलीच नव्हती. वर लिहिलेलं, 'प्रजासत्ताक दिनाला कल्याणात पाकिस्तानचा झेंडा.' फोटो काळापांढराच राहिला असता तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

राजरत्नला तो मेसेज बायकोने दाखवला. प्रीती अंगणवाडीत सेविका. तिच्या ग्रुपवर आलेला.

"हे तू केलंस ना?" ती म्हणाली.

"मी खालाच्या आईचा फोटो केला गं. हे... हे असं नव्हतं."

"त्याच्यावर आपलं नाव आहे?"

"नाही."

प्रीती आत गेली आणि तिने भाकरी थापायला घेतली. राजरत्न तसाच उठून दुकानात गेला, अर्धं शटर ओढलं आणि कॉम्प्युटर लावला. स्कॅन पुसला. रंगवलेला पुसला. छपाईची फाईल पुसली. मग स्क्रीनवरचा कचऱ्याचा डबा उघडून तोही रिकामा केला. एकदाही हात चुकला नाही. पुसून झाल्यावर त्याला एक क्षण फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज त्याला पुढे कित्येक दिवस वाटत राहिली.

तिकडे मोहल्ल्यात तोवर पोरांनी घाईघाईने फ्लेक्स उतरवला होता. चौकात घोषणा देणारी टोळकी जमली, पोलिसांची गाडी आली. वाचनालयाची पोरं जेमतेम विशीतली. इम्तियाज पुढे झाला. म्हणाला, दादी माझी, फोटो माझ्या घरचा, जबाबदारी माझी. कुणी छापलं विचारल्यावर म्हणाला, मीच मोबाईलवर बनवला आणि मुंबईतून छापून आणला. दिवसभर त्याला बसवून ठेवलं. संध्याकाळी माफीचा जबाब लिहून घेतला आणि सोडलं.

हे सगळं राजरत्नला दुसऱ्या दिवशी कळलं. इम्तियाजने आपलं नाव घेतलं नाही, हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ तो इतका शरमला की समोरच्या गिऱ्हाइकाच्या बाळाच्या बारशाची तारीख त्याने दोनदा चुकीची टाकली.

आज जाऊ, उद्या जाऊ. माणूस स्वतःला काय काय सांगतो! आता प्रकरण थंड होतंय, कशाला उकरा. मी गेलो तर दुकान फोडतील. प्रीतीला काय तोंड दाखवू. इम्तियाज सुटलाय ना, मग झालं तर. शिवाय खिळा कुणाचाच नसतो. पण इथे आल्यावर त्याची गाडी अडायची. आजोबांनी संपादकाने लिहिलं तेच जुळवलं होतं. फोटोत हिरवा नव्हता. हिरवा याने भरला होता, कुणी न सांगता, स्वतःच्या हौसेने. ओढणीही यानेच पांढरी केली होती. आणि दगडूबाबा निदान 'नावं काढा' असं बोलून तरी गेले होते. हा बोलायच्या वेळी शटर ओढून बसला.

मानपाड्याचा देवेश दुकानात आला. येत्या निवडणुकीचा उमेदवार, राजरत्नचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बाकड्यावर बसून हळूच म्हणाला, "राजूभाऊ, तो फ्लेक्स तुझाच ना? एवढा क्लीन हिरवा कल्याणात दुसरा कोण काढतो यार?"

आपल्या कामाची तारीफ ऐकून राजरत्नने बाहेर कुणी ऐकलं तर नाही ना ते बघितलं, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"घाबरू नको. मी कुठे बोलणार नाय. पण तू पण बोलू नको, काय? माझा सगळा माल तुझ्याकडून काढायचाय. उद्या तुझं नाव त्याच्यात आलं तर मला दुसरीकडे जावं लागेल. समजून घे." देवेश उठला आणि जाताना काउंटरवरच्या बुद्धाच्या मूर्तीला हात जोडून गेला. मनाने तोही वाईट नव्हताच.

आठवडा गेला आणि बातमी आली की इम्तियाजला कंपनीने घरी बसवलं. काढलं नाही, बसवलं. साहेब म्हणे, वातावरण निवळू दे, मग बघू. घरात त्याच्या एकट्याची कमाई. त्या दुपारी राजरत्नचा डबा तसाच राहिला. तो उठला आणि दुकानाला कुलूप लावून थेट पोलीस ठाण्यात गेला.

"साहेब, तो झेंडा मी रंगवला," तो म्हणाला. "इम्तियाजला काही माहीत नव्हतं. तो हिरवा माझा आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे कंटाळून बघितलं. "ते मिटलंय. त्याने लिहून दिलंय, मी छापून आणला म्हणून. आता तू म्हणतोस, मी. म्हणजे त्याने खोटा जबाब दिला. मग मला पुन्हा त्यालाच आणायला लागेल. आणू?"

राजरत्नने घाईने नकारार्थी मान हलवली.

"एवढं होतं तर तेव्हा यायचं ना. जा घरी."

बैल गेला आणि झोपा केला. राजरत्न पायऱ्या उतरला. खरं सांगण्याचं धाडस त्याने किती कष्टाने गोळा केलं होतं! आणि ते खरं आता कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. उलट ज्याच्यासाठी सांगायचं त्यालाच ते बाधलं असतं. तिथून तो हलीमाबीच्या गल्लीत गेला. सगळं झाल्यापासून पहिल्यांदाच.

दार इम्तियाजने उघडलं. भर कामाच्या वेळी घरच्या लुंगीत उभा असलेला इम्तियाज बघून राजरत्नला त्याच्याकडे बघवेना.

"या काका. बसा ना."

"इम्तियाज, तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

इम्तियाज ओशाळल्यासारखा हसला. "नाव सांगून काय होणार होतं? मी अडकलेलोच. तुमच्या पोटावर कशाला पाय आणायचा? तुम्ही प्रेमाने केलेलं. दादी पण तेच बोलली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राजरत्न पाण्याचा ग्लास हातात धरून बसला. पोलिसांकडे जाऊन आल्याचं सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण ते सांगणं म्हणजे पुन्हा स्वतःचीच बाजू मांडणं होतं, म्हणून त्याने ते गिळलं.

आतून हलीमाबीचा आवाज आला. "कोण, राज्या आला? इकडं ये. इतके दिवस कुठं मेला होतास?"

ती खाटेवर बसली होती. त्याने खाली बसून तिच्या पायांना हात लावला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलता बोलता फिरवत राहिली.

"राज्या, एक काम हाय तुझ्याकडं. तो अम्माचा फोटो मशीनमधून मना काढून दे. लहान दिलास तरी चालेल. घरचा पोरांनी जाळला. फ्लेक्सबरोबर जाळला. मी आत नमाजला होते. बाहेर आले तर राख."

"दादी, तेव्हा घराची झडती होणार असं कळलेलं," दारातून इम्तियाज म्हणाला. "पोरं घाबरली."

"घाबरली ते बरोबर. मी कुठं काय बोलते? राज्याकडं हाय ना."

मशीन बिघडलंय म्हणता आलं असतं. शोधतो म्हणता आलं असतं. असली कारणं त्याच्या जिभेवर रोज तयार असत. पण तिचा हात डोक्यावर होता.

"नाही, खाला. मी पुसला. त्याच दिवशी."

हात डोक्यावरून निघाला नाही, पण हलायचा थांबला.

"तू पण घाबरलास," हलीमाबी म्हणाली. हा प्रश्न नव्हता, आणि ती रागावलेलीही नव्हती. मग तिने विचारलं, "लोकांच्या मोबाईलवर फिरतो म्हणतात, त्यात?"

"त्यात नुसता झेंडा हाय, दादी. बाया कापून टाकल्यात. आणि आपल्या लोकांनी तर फोनच साफ केले."

म्हातारीने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. मग ती खाटेच्या कडेला सरकून त्याच्या जवळ आली आणि लहान मुलीसारख्या अजिजीने म्हणाली, "आता डोळे मिटले तर मना अम्मा दिसत नाही रे. गाडगं दिसतं. आवाज येतो. चेहरा येत नाही. तू तर कॉम्प्युटरवर मोठा करून बघितलेलास ना? इतका वेळ घेऊन बसलेलास. तुला नीट दिसली असेल. सांग ना मना, कशी होती?"

राजरत्नने डोळे मिटले. झेंडा आठवला. त्याची एकेक घडी आठवली, कुठे गडद, कुठे फिका, चंद्राची कड, काठीच्या गाठीपाशी पडलेली सावली. ती पांढरी ओढणी आठवली. मग तो मधल्या बाईपाशी आला आणि तिथे त्याला काहीच दिसेना. त्याने पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. तिच्याकडे त्याने बघितलंच नव्हतं. तिला बटणावर सोडून तो मागचं कापड रंगवत बसला होता. ज्यांनी तो झेंडा कापून जगभर फिरवला, त्यांनीही तेवढंच बघितलं होतं.

हलीमाबी वाट बघत होती.

"तुमच्यासारखीच होती, खाला," तो म्हणाला. "हुबेहूब तुमच्यासारखी."

तिने त्याच्या डोक्यावरचा हात काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"नाही रे," ती म्हणाली. "मी अब्बांवर गेलेय."